हवामान बदल अनुकूलन, शासकीय (महाराष्ट्र)

हवामान बदलामुळे पाऊस, तापमान, समुद्राची पातळी आणि वादळे यांच्या जुन्या अंदाजांवर विसंबून राहता येईनासे झाले असताना शासनाच्या विविध विभागांनी आपले नियम, निकष, बांधकामाची प्रमाणे, खर्चाची शीर्षे आणि कामाच्या पद्धती बदलण्याच्या प्रक्रियेला शासकीय अनुकूलन म्हणतात. हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करणे हा या प्रश्नाचा दुसरा भाग असून त्याला उपशमन अशी संज्ञा आहे. या नोंदीत मुख्यतः अनुकूलनाचा आणि महाराष्ट्र राज्याचा विचार केला आहे. आराखडे आणि अभियाने यांची चर्चा नेहमी अधिक होते. मात्र विभाग खरोखर बदलला की नाही, हे त्याच्या निकषांतील आकड्यांवरून अधिक अचूक कळते, कारण शेतकऱ्याला मदत मिळणार की नाही आणि नाल्यात पाणी मावणार की नाही, हे त्या आकड्यांनीच ठरते.

केंद्र शासनाने 30 जून 2008 रोजी हवामान बदलावरील राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्यात सौर ऊर्जा, जल, शाश्वत शेती इत्यादी आठ राष्ट्रीय अभियानांचा समावेश होता. त्यानंतर राज्यांनाही स्वतःचे आराखडे करण्यास सांगण्यात आले. महाराष्ट्राने ‘टेरी’ या ऊर्जा व पर्यावरण संशोधन संस्थेकडून राज्याच्या असुरक्षिततेचा अभ्यास करून घेतला आणि त्यावर आधारित अनुकूलन धोरणाला राज्य मंत्रिमंडळाने 2017 मध्ये मंजुरी दिली. 2020 मध्ये पर्यावरण विभागाचे नाव ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असे झाले. वृत्तपत्रांत आणि बोलण्यात ‘हवामान बदल’ हा शब्द रुळलेला असताना शासकीय कागदपत्रांत ‘वातावरणीय बदल’ आढळतो आणि तोच या नावातही आहे. त्याच वर्षी 2 ऑक्टोबरला भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर आधारलेले ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाले आणि त्यात ग्रामपंचायती व नगरपालिकांच्या कामाचे गुणांकन होऊ लागले. तथापि पर्यावरण विभागाच्या हाती ना धरणांचे दरवाजे आहेत, ना पिकांचे पंचनामे, ना रुग्णालये. त्यामुळे अनुकूलनाचे प्रत्यक्ष ओझे महसूल, मदत व पुनर्वसन, कृषी, जलसंपदा, सार्वजनिक आरोग्य आणि नगरविकास या जुन्या विभागांवरच राहिले आहे.

यांपैकी मदत व पुनर्वसन विभागाचे काम सर्वांत बोलके आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदत देता येते. पण ती केंद्राने अधिसूचित केलेल्या आपत्तींसाठीच आणि ठरवून दिलेल्या दरांनीच देता येते. दुष्काळ, पूर, चक्रीवादळ, गारपीट, दरड कोसळणे, ढगफुटी, कीड आणि थंडीचा कडाका यांचा त्या यादीत समावेश आहे. यादीबाहेरच्या स्थानिक आपत्तींसाठी राज्याला या निधीचा 10 टक्क्यांपर्यंतचा भाग वापरता येतो. या तरतुदीचा आधार घेऊन महाराष्ट्राने अवकाळी पाऊस, वीज पडणे आणि समुद्राचे उधाण अशा घटनांना राज्यापुरती आपत्ती मानले. पिकाचे नुकसान किती झाले म्हणजे मदत द्यायची, ही मर्यादा पूर्वी 50 टक्के होती. 2015 मध्ये केंद्राने ती 33 टक्क्यांवर आणली.

अतिवृष्टीचा निकष महसूल मंडळाशी, म्हणजे तालुक्यातील काही गावांच्या महसुली गटाशी, जोडलेला आहे. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटरपेक्षा अधिक पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी मानली जाते आणि तलाठी, कृषी सहायक व ग्रामसेवक यांचे संयुक्त पंचनामे सुरू होतात. हा निकष एका दिवसात कोसळणाऱ्या पावसासाठी योग्य होता. परंतु मराठवाडा व विदर्भात गेल्या काही हंगामांत वेगळेच संकट वारंवार येऊ लागले. रोज 15-20 मिलिमीटरच पाऊस पडतो, पण तो आठवडाभर उघडत नाही. काळ्या जमिनीला वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, येत नाही. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच कोंब फुटतात आणि कपाशीची बोंडे सडतात. कोणत्याही एका दिवशी 65 चा आकडा गाठला न गेल्याने अशा गावांत शेत बुडालेले असतानाही कागदावर अतिवृष्टी नसे. अखेर 5 एप्रिल 2023 रोजी राज्य मंत्रिमंडळाने ‘सततचा पाऊस’ ही राज्य आपत्ती म्हणून मान्य केली. सलग पाच दिवस मंडळात दररोज किमान 10 मिलिमीटर पाऊस, त्या काळातील पावसाची मागील दहा वर्षांच्या सरासरीशी तुलना आणि उपग्रहावरून मोजलेला वनस्पतींच्या हिरवेपणाचा निर्देशांक अशा पायऱ्यांची ही कसोटी आहे. ही नुसती नवी सवलत नव्हे. पाऊस किती पडला याबरोबरच तो कसा पडला, हा प्रश्न महसूल यंत्रणेने प्रथमच आपल्या नियमांत घेतला, म्हणून या निर्णयाचे महत्त्व भरघोस निधीच्या अनेक घोषणांहून अधिक मानावे लागते.

पाऊस मोजण्याची साधने बदलल्याशिवाय हे शक्य झाले नसते. ‘महावेध’ प्रकल्पात 2017 पासून राज्यातील महसूल मंडळांत दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे बसवण्यात आली. तरीही एका मंडळात अनेक गावे असतात आणि केंद्र एकाच ठिकाणी असते. केंद्रावर कोरडे आणि चार कोसांवर शेते वाहून गेलेली, अशी तक्रार दर खरिपात ऐकू येते आणि ती निराधार नाही. मदतीचे दरही स्थिर राहिलेले नाहीत. ऑगस्ट 2022 मध्ये राज्याने जिरायत पिकांसाठी हेक्टरी 6,800 रुपयांचा दर दुप्पट करून 13,600 केला आणि मदतीची मर्यादा दोनवरून तीन हेक्टर केली. 2025 मध्ये केंद्राच्या 8,500 रुपये व दोन हेक्टर या निकषाकडे परत जाण्याचा निर्णय झाला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमधील मराठवाड्याच्या महापुरानंतर मर्यादा पुन्हा तीन हेक्टर करावी लागली. प्रत्येक मोठ्या आपत्तीनंतर नवा शासन निर्णय निघत असेल, तर शेतकऱ्याला आधीपासून काहीच गृहीत धरता येत नाही. अनुकूलनाच्या दृष्टीने हा गंभीर दोष आहे.

दुष्काळाच्या बाबतीत बदलाची दिशा उलटी दिसते. तेथे जुनी गावपातळीची पद्धत जाऊन केंद्रीय शास्त्रीय पद्धत आली. पूर्वी आणेवारी आणि पुढे पैसेवारी यांवर सर्व काही अवलंबून असे. गावसमितीने पीक पाहून पैसेवारी, म्हणजे नेहमीचे पीक रुपया धरले तर यंदाचे किती पैसे याचा अंदाज, ठरवायची आणि ती 50 पैशांच्या आत असली की टंचाईच्या सवलती लागू करायच्या, अशी ती रीत होती. केंद्राच्या 2016 च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनंतर राज्याने 2017 मध्ये नवी कार्यपद्धती स्वीकारली. त्यात प्रथम पावसाची तूट किंवा सलग खंड, नंतर पेरणीचे क्षेत्र, वनस्पती निर्देशांक, मृद् आर्द्रता व भूजल आणि शेवटी निवडक गावांतील प्रत्यक्ष पाहणी असे टप्पे आहेत. या पद्धतीने 31 ऑक्टोबर 2018 रोजी 151 तालुक्यांत आणि 2023 मध्ये त्याच तारखेला 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. मात्र 2023 मध्ये 40 तालुक्यांची यादी निघताच वगळलेल्या भागांतून असंतोष उसळला आणि अवघ्या काही दिवसांत राज्याने आणखी 1,021 महसूल मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती जाहीर करून स्वतःच्या अधिकारात सवलती दिल्या. पैसेवारीवर राजकीय दबाव येई हे खरे. पण तालुका हा घटक दुष्काळ ओळखण्यासाठी फार मोठा आहे, हे त्या दुसऱ्या यादीने शासनाच्याच हातून मान्य झाले.

कोकणात निकषांचा प्रश्न निराळ्या रूपात उभा राहिला. 3 जून 2020 रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोली परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. फळबागांच्या मदतीचा दर हेक्टरी 50,000 रुपयांपर्यंत वाढवण्यात आला, तरी अडचण सुटेना. कोकणी वाडी काही गुंठ्यांची असते, तीत नारळ, सुपारी, आंबा, जायफळ एकत्र वाढतात आणि सातबाऱ्यावर अनेक भावंडांची नावे असतात. हेक्टरचा हिशेब लावला की एका घराच्या वाट्याला क्षुल्लक रक्कम येई. पडलेली सुपारी पुन्हा लावून उत्पन्नाला यायला कित्येक वर्षे जातात, हेही त्या हिशेबात नव्हते. मागणीनंतर नारळ व सुपारीसाठी झाडागणिक मदतीचा मार्ग स्वीकारण्यात आला. वाडीत झाड मोजतात, जमीन नव्हे, ही तेथील कोणालाही ठाऊक असलेली गोष्ट शासन निर्णयात यायला वादळ यावे लागले.

नुकसान झाल्यावर मदत देण्यापेक्षा ते होऊ न देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न कृषी विभागाच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात झाला. जागतिक बँकेने 2018 मध्ये 42 कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केलेल्या या प्रकल्पाला ‘पोकरा’ असेही म्हणतात. त्याच्या पहिल्या टप्प्यात मराठवाड्याचे आठ, विदर्भातील सहा आणि जळगाव अशा 15 जिल्ह्यांतील 5,142 गावे निवडली गेली. त्यांतील 932 गावे पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यातली होती. तेथे भूगर्भातील पाणी खारट असल्याने विहीर खणून ओलित करता येत नाही. पावसाचे गोडे पाणी शेततळ्यात धरून पिकाला एखादे संरक्षित पाणी देणे हाच खात्रीचा उपाय असतो. प्रकल्पात गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून मग कामे ठरवणे, शेतीशाळा, बीबीएफ यंत्राने रुंद वरंबा-सरीवर पेरणी, ठिबक संच आणि अनुदान थेट बँक खात्यात अशा गोष्टी एकत्र आणल्या गेल्या. रुंद वरंबा-सरीचे वैशिष्ट्य असे की खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते आणि पाऊस जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जाते. पावसाचा अंदाजच लागत नसलेल्या प्रदेशात असे दोन्ही बाजूंनी उपयोगी पडणारे तंत्र कोणत्याही महागड्या यंत्रणेपेक्षा मोलाचे आहे.

शहरी अनुकूलनाचे ठळक उदाहरण मुंबईचे आहे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. शहराची पर्जन्यजल वाहिन्यांची व्यवस्था त्या वेळी ताशी 25 मिलिमीटर पावसासाठी आखलेली होती आणि त्यातलेही निम्मे पाणी जमिनीत मुरेल असे गृहीत धरले होते. काँक्रीटने झाकलेल्या शहराला हे गृहीतक लागू नव्हते. पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यासाठीच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात हे प्रमाण ताशी 50 मिलिमीटर करण्यात आले आणि भरतीच्या वेळी पाणी समुद्रात फेकण्यासाठी हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया व गझदरबंद येथे उदंचन केंद्रे (पंपिंग स्टेशन) उभारली गेली. किनाऱ्यावरील खारफुटीच्या रक्षणासाठी वन विभागाने 2012 मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला. मार्च 2022 मध्ये मुंबईचा वातावरण कृती आराखडा प्रसिद्ध झाला आणि 2050 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर झाले. 2024 मध्ये महापालिकेने अर्थसंकल्पातील कोणता खर्च हवामानाशी संबंधित आहे, हे दाखवणारा स्वतंत्र अहवालही मांडला. तासाभरात 50 मिलिमीटरहून कितीतरी अधिक पाऊस पडण्याचे प्रसंग आता मुंबईकरांच्या ओळखीचे आहेत. त्यामुळे दुप्पट केलेले प्रमाणही अपुरे ठरू लागले आहे.

उष्णतेच्या लाटेला शासकीय चौकटीत अद्याप पुरेशी जागा मिळालेली नाही. 2022 ते 2026 या काळासाठीच्या केंद्रीय मदत निकषांत थंडीचा कडाका ही आपत्ती होती, उष्णतेची लाट नव्हती. या क्षेत्रात भारतात पहिले पाऊल अहमदाबाद महापालिकेने टाकले. मे 2010 मध्ये तेथे तापमान 46.8 अंश सेल्सिअसपर्यंत गेले होते. त्यानंतर 2013 मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला आणि रंगसंकेतांचे इशारे, रुग्णालयांची तयारी, पाणपोया व बागा खुल्या ठेवण्याच्या वेळा ठरवण्यात आल्या. महाराष्ट्रात नागपूरने 2016 मध्ये असा आराखडा केला. विदर्भात उन्हाळ्यात दुपारी बांधकामावर किंवा तेंदूपाने तोडायला जाणाऱ्या मजुरासाठी मात्र इशाऱ्याइतकाच रोजंदारीचा प्रश्न महत्त्वाचा आहे. काम बंद ठेवा असे सांगणाऱ्या यंत्रणेने बुडालेल्या मजुरीची सोय केली नाही, तर तो उन्हातच उभा राहील. शिवाय उन्हाने झालेले मृत्यू हृदयविकार, मूत्रपिंड निकामी होणे किंवा नुसता ताप अशा कारणांखाली नोंदले जातात आणि मोजणीतून सुटतात. अहमदाबादमधील मे 2010 चे 1,344 जादा मृत्यू उष्माघाताच्या नोंदींतून कळले नव्हते. त्या महिन्यातील एकूण मृत्यूंची 2009 आणि 2011 मधील मे महिन्यांशी तुलना केल्यावर ते उघड झाले. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सर्वत्र जन्म-मृत्यूची नोंद होते, त्यामुळे हीच तुलना महाराष्ट्रातील प्रत्येक जिल्ह्याला दर उन्हाळ्यात करता येण्याजोगी आहे.