स्नायूंचे अनुकूलन

हाडांना जोडलेले स्नायू त्यांच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे जाडी, ताकद, दम आणि लांबी बदलतात. भार सुटला की हेच बदल उलटे फिरतात. बदल कोणता होणार, हे भार किती यापेक्षा कसा यावर जास्त ठरते.

तालमीत नव्याने येऊ लागलेला पोरगा तीन-चार आठवड्यांत दुप्पट जोर मारू लागतो, पण दंडाचा घेर तेवढाच असतो. ही पहिली वाढ मज्जासंस्थेची: स्नायूतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावणे तिला जमू लागते. मग तंतूंमध्ये अ‍ॅक्टिन, मायोसिन ही प्रथिने साठतात आणि प्रत्येक तंतू जाड होतो. तंतूंची संख्या मात्र जवळपास तीच राहते. पुण्याच्या पेठांतल्या तालमींत शेकड्यांनी बैठका मारण्याचे कौतुक असते. अंगवळणी पडल्यावर त्या जड राहत नाहीत, त्यांनी दम वाढतो. मांडी भरायची तर जोडीदाराला खांद्यावर घेऊन बैठका माराव्या लागतात, आणि पैलवान तेच करतात.

गणेशोत्सवाआधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव चालतो. कमरेला बांधलेला ढोल तासन्‌तास वाजवल्याने दंड फुगत नाहीत. स्नायूंत केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिका वाढतात आणि हात उशिरा भरून येतो.

सिंहगड चढताना छाती भरते, पण मांड्या धरतात त्या उतरण्याने. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचे वजन तोलून धरतो. या ओढाताणीत तंतूंना बारीक इजा होते. म्हणून रविवारी पिठलं-भाकरी हाणून आलेला नवखा सोमवारी-मंगळवारी कठडा धरून जिना उतरतो. दोष लॅक्टिक आम्लाला देण्याची रीत आहे. ते तर साधारण तासाभरात निवळलेले असते. काही आठवड्यांत पुन्हा गड केला तर दुखणे बरेच कमी होते, कारण स्नायू त्या ओढीला तयार झालेला असतो.

निष्क्रियतेचा परिणाम झपाट्याने दिसतो. निरोगी तरुणांचा पाय प्रयोगासाठी दोन आठवडे जखडून ठेवला तेव्हा मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे ८ टक्के घटले, ताकद त्याच्या दुपटीहून अधिक. इथेही मज्जासंस्थेचा वाटा आहे, आणि नव्या प्रथिनांची निर्मिती मंदावते. उभे राहताना राबणाऱ्या मांड्या-पोटऱ्या आधी झडतात. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या अंतराळवीरांना त्यामुळेच रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. म्हातारपणी अंथरुणाला खिळल्यावर गेलेला स्नायू फार सावकाश परततो.

प्लास्टर कोणत्या स्थितीत घातले यालाही महत्त्व आहे. पाऊल खाली झुकलेले राहिले तर पोटरीचा स्नायू आखूड स्थितीत पडून राहतो आणि त्याच्या तंतूंमधले आकुंचन पावणारे खंड कमी होतात. प्लास्टर निघाल्यावर टाच जमिनीला टेकत नाही; ती टेकेपर्यंत पोटरीला रोज ताण द्यावा लागतो, तेव्हा खंड पुन्हा भरतात.