लघवीत रक्त गेलं असेल तर सायटॉलॉजीचं (लघवीतल्या पेशींच्या तपासणीचं) सॅम्पल देण्याआधी हे वाचा

लघवी लाल झाली, दुखलं काहीच नाही आणि दोन दिवसांत आपोआप क्लिअर झाली की आपल्याकडे उष्णता झाली म्हणतात, सब्जा आणि धण्याचं पाणी सुरू होतं, डॉक्टरकडे जायचं राहूनच जातं. आमच्या लॅबचं कळकळीचं सांगणं आहे, न दुखता एकदा जरी रक्त गेलं तरी युरॉलॉजिस्टना दाखवाच, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांनी तर अजिबात थांबू नका.

बहुतेक वेळा इन्फेक्शन किंवा मूतखडाच निघतो. कॅन्सर असला तरी सहसा मूत्राशयाचा असतो. पण मूत्राशयाला आतून जे अस्तर असतं तेच वर युरेटरमध्ये (किडनीतून मूत्राशयात लघवी आणणाऱ्या नळीत) आणि किडनीच्या आतपर्यंत गेलेलं असतं, तिथेही कॅन्सर होतो, तो दुर्मिळ, या अस्तराच्या कॅन्सरपैकी साधारण ५ ते १० टक्के, आणि दुर्बिणीने नुसतं मूत्राशय बघितलं तर तो दिसत नाही. सोनोग्राफीतही निसटू शकतो. म्हणून सीटी युरोग्राफी (किडनी ते मूत्राशय सगळ्या मार्गाचा सीटी स्कॅन) सांगतात, त्यात डाय देतात त्यामुळे आधी क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम बघायची रक्ताची तपासणी, करून घ्या. गरज वाटली तर बारीक दुर्बीण युरेटरमधून वर नेऊन तुकडा काढतात.

आता सॅम्पलबद्दल. सकाळची पहिली लघवी आणू नका, रात्रभर साठून त्यातल्या पेशी खराब झालेल्या असतात. पाणी प्या, थोडं चाला-फिरा आणि दुसऱ्या वेळची लघवी लॅबमध्येच द्या. डॉक्टर बऱ्याचदा तीन वेगवेगळ्या दिवसांची सॅम्पल मागतात, तो पैसे काढायचा प्रकार नाही, पेशी प्रत्येक वेळी सुटून येतातच असं नसतं. आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणजे कॅन्सर नाहीच असं धरू नका, लो-ग्रेड, म्हणजे हळू वाढणाऱ्या, गाठीच्या पेशी नॉर्मलसारख्याच दिसतात, पुढच्या तपासण्या सांगितल्या तर कराच.

युरेटर किंवा किडनीतली गाठ छोटी, लो-ग्रेड असेल तर लेझरने जाळून किडनी वाचवता येते. हाय-ग्रेड, म्हणजे झपाट्याने वाढणारी, असेल तर सहसा किडनी, अख्खं युरेटर आणि ते मूत्राशयाला जुळतं तिथला भाग, सगळं काढतात. एक किडनी गेल्यावर सिसप्लॅटिन हे केमोचं औषध झेपेलच असं नाही, त्यामुळे केमो ऑपरेशनआधी द्यायची की नंतर हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. नंतरही मूत्राशयात गाठ परत येण्याचं प्रमाण बरंच आहे, ठरलेल्या तारखांना दुर्बिणीची तपासणी चुकवू नका.

घरात कुणाला कमी वयात आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषात हे कॅन्सर आणि युरेटर-किडनीच्या अस्तराचा कॅन्सर एकाच घरात दिसतात. सॅम्पल द्यायला येताना जुने रिपोर्ट आणि डॉक्टरांची चिठ्ठी आणा.