ट्रेडमिलवर तापतात पाय, वजन उचलतो खांदा

डिसेंबर-जानेवारीत बेळगावात पहाटे साडेपाचला जिमचं शटर वर जातं, तेव्हा बाहेर 14-15 अंश असतात. बारला हात लावला की बोटं आखडतात. आत आलेला पोरगा जर्किन न काढताच ट्रेडमिलवर चढतो, मोबाईल बघत पाच मिनिटं चालतो, उतरतो आणि थेट बेंचवर आडवा होऊन 60 किलो लावतो. कुणी टोकलंच तर उत्तर ठरलेलं: "वॉर्म-अप झाला की ओ!"

झाला, खरं पायांचा. छाती, खांदे आणि दंड अजून रजईतच आहेत.

शरीराचं तापमान 37 अंश, असं आपण शाळेत शिकलो. ते आतल्या गाभ्याचं. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मांडीचा स्नायू खोलवर साधारण 35-36 अंशांवर असतो. हाताचे आणि कातडीलगतचे स्नायू त्याहून गार, थंडीत आणखी गार. स्नायू राबायला लागला की त्याला मिळालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम 20-25 टक्के हालचालीला लागते, उरलेली उष्णता होऊन बसते. ही उष्णता आधी साठते ती राबणाऱ्या स्नायूतच. रक्त ती अंगभर वाटतं, पण सावकाश. पाच मिनिटांच्या चालीनं खांद्याच्या वाट्याला फारसं काही येत नाही. जो स्नायू खरोखर कामाला लागतो, त्याचं तापमान पहिल्या 3 ते 5 मिनिटांत झपाट्यानं चढतं आणि 10 ते 20 मिनिटांत दोन-तीन अंश वर जाऊन टेकतं.

दोन-तीन अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण स्नायूचं तापमान एका अंशानं वाढलं की झटक्याच्या ताकदीत, म्हणजे उडी किंवा धाव यांत, साधारण 2 ते 5 टक्के फरक पडतो. स्नायूतल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो, गरम झालेल्या भागात हिमोग्लोबिन ऑक्सिजनवरची पकड सैल सोडतं, आणि मज्जातंतूंमधून जाणारा संदेश दर अंशामागे सेकंदाला सुमारे दोन मीटर जास्त वेगानं धावतो. अंग तापलं की कामगिरी सुधारते, हे कोपनहेगनमध्ये एर्लिंग आस्मुसेन आणि ओव्हे बोये यांनी 1945 साली सायकलवर मोजून दाखवलं. गंमत अशी, की व्यायाम न करता नुसत्या गरम पाण्याच्या शॉवरनं अंग तापवलं तरी कामगिरी सुधारली. मालिशनं मात्र सुधारली नाही. बंबातलं कढत पाणी अंगावर घेऊन जिमला येणारे काका अगदीच चुकत नाहीत म्हणायचे.

अगदीच बरोबरही नाहीत. कारण तापमानाचा मोठा फायदा मिळतो तो वेगाला. स्नायू जागच्या जागी जास्तीत जास्त किती जोर लावू शकतो, हे त्या दोन-तीन अंशांनी फारसं बदलत नाही. आणि 100 किलोचा स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन मारलेली बैठक, ही काही वेगाची गोष्ट नव्हे. सावकाश, कण्हतकुंथत उठण्याचं काम ते. मग जड वजनाआधी अंग नुसतं गरम करून भागत नाही, तर आणखी काय लागतं?

आमच्या गल्लीत एक जुने पैलवान आहेत. वय सत्तरीपुढचं, कान मोडलेले, अख्खी गल्ली त्यांना वस्ताद म्हणते. त्यांना मी एकदा विचारलं, तुमच्या वेळी वॉर्म-अप काय असायचा? शब्द त्यांना नवा नव्हता, नातू जिमला जातो. म्हणाले, "आमी तालमीत गेलो की आदी फावडं. हौदा उकरल्याबिगर जोरबी मारू देत नव्हते. मग जोर, मग बैठका, मग ल्हान पोरासंगं हलकी लढत, आनि मग खरी जोड."

हा क्रम नीट बघा. तेल, ताक, हळद घालून दाबलेली लाल माती फावड्यानं उकरताना मूठ, पाठ, खांदे, कंबर सगळं कामाला लागतं, म्हणजे कुस्तीत जे लागणार तेच. जोर-बैठकांत सांधे पूर्ण वाकतात आणि पूर्ण उघडतात. मग हलक्या जोडीदाराबरोबर तेच डाव, कमी जोरानं. प्रत्येक पायरी शेवटच्या कामाच्या थोडी अधिक जवळ जाते. तालमीतलं सगळंच शास्त्रशुद्ध होतं असा माझा दावा नाही, थंडाईच्या तांब्यांबद्दल मी गप्प बसेन. पण या क्रमाला आजचं शरीरशास्त्र बिनतक्रार दुजोरा देतं.

आधी सांधे घ्या. गुडघ्यात, खांद्यात जे वंगण असतं ते अंड्यातल्या पांढऱ्यासारखं बुळबुळीत. निपाणी-चिकोडीकडच्या गुऱ्हाळावरची काकवी तापवली की पातळ होते. सांध्यातलं वंगण मात्र मुख्यतः हलवल्यानं पातळ होतं. सांधा स्थिर असला की घट्ट, फिरू लागला की सैल. म्हणून रिकाम्या बारनं मारलेल्या दहा सावकाश बैठका गुडघ्याला जे देतात, ते बंबातलं पाणी देऊ शकत नाही. स्नायूचंही तसंच. बराच वेळ न हललेल्या स्नायूत आतले सूक्ष्म तंतू एकमेकांना किंचित धरून राहतात आणि तो ताठर लागतो. चार-दोन वेळा हलवलं की ही पकड सुटते. सकाळी उठल्यावर पहिल्यांदा वाकताना पाठ कुरकुरते, त्यात या ताठरपणाचाही वाटा असतो.

पण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची, आणि जिममध्ये सगळ्यात कमी ठाऊक असलेली गोष्ट मज्जासंस्थेची आहे. स्नायू हा एकसंध दोर नसतो. त्यात तंतूंच्या शेकडो तुकड्या असतात आणि प्रत्येक तुकडीला हुकूम देणारी एकेक चेतापेशी. अमेरिकन शास्त्रज्ञ एलवूड हेनेमन यांनी 1957 पासूनच्या प्रयोगांत दाखवून दिलं, की आधी लहान पेशी जाग्या होतात आणि लहान तुकड्या कामाला लागतात. भार वाढत गेला तरच मोठ्या, दणकट तुकड्यांना बोलावणं जातं. गल्लीत गणपतीच्या मंडळाचं सामान आलं की खुर्च्या उतरवायला दोन पोरं पुरतात. ट्रॉलीवरून मोठी मूर्ती उतरवायची झाली तर घराघरांतून माणसं हाकारावी लागतात, आणि सगळ्यांनी "मोरया" म्हटलं की एकाच क्षणी खांदा द्यावा लागतो. हाकारणं आणि एकदम खांदा देणं, या दोन्हीची तयारी खऱ्या वजनाआधीच्या शेवटच्या दोन-तीन हलक्या सेटमध्ये, म्हणजे सलग उचलण्याच्या फेऱ्यांत, होते.

यावरून दोन नेहमीच्या चुका उघड होतात. पहिली, 20 वरून थेट 100 वर उडी मारणं. दुसरी जास्त फसवी: रिकाम्या बारनं तीस-चाळीस रेप्स (एकदा उचललं की एक रेप) काढून "मस्त गरम झालो" म्हणणं. तेवढ्या वजनाला मोठ्या तुकड्या लागतच नाहीत. त्या झोपलेल्याच राहतात आणि दमणूक तेवढी होते.

म्हणून चढत्या सेटचा रिवाज. समजा आज 100 किलोचा स्क्वॉट मारायचा आहे, 5 रेप्सचे सेट. पाचेक मिनिटं सायकल किंवा दोरीच्या उड्या, घामाची पहिली चाहूल लागेपर्यंत. मग रिकामा 20 किलोचा बार 10 वेळा, 40 किलो 8, 60 किलो 5, 80 किलो 3, आणि 90 किलो फक्त एकदा. वजन चढतं तशी रेप्सची संख्या उतरते, कारण इथं दमायचं नसून जागं व्हायचं असतं. हलक्या सेटनंतर मिनिटभर आणि शेवटच्या एकट्या रेपनंतर दोन-तीन मिनिटं थांबावं. जड वजनानंतर स्नायू काही मिनिटं नेहमीपेक्षा जास्त तडफेनं आकुंचतो. त्या वजनाचा थकवा ओसरलेला पण ही तडफ शिल्लक असेल, अशा वेळी खरा सेट यावा. दिवसाचा दुसरा व्यायाम त्याच स्नायूंचा असेल तर एखादा-दुसरा सेट पुरे. बायसेप्सच्या कर्लसाठी एवढा सोहळा करणाऱ्याला मात्र मी हात जोडतो.

स्ट्रेचिंगबद्दल थोडक्यात. एक स्नायू सलग मिनिटभराहून जास्त ताणून धरला, तर लगेच नंतरच्या जोरात सरासरी पाच टक्क्यांच्या आसपास घट दिसते. दहा-वीस सेकंदांच्या ताणानं बिघडत नाही. शाळेच्या पी.टी.त वाकून पायाचे अंगठे धरायला लावत, तो प्रकार व्यायामानंतर करावा; आधी हात-पाय झुलवणं, फिरवणं, बैठका. आणि दुसऱ्या दिवशीचं अंगदुखणं वॉर्म-अपनं टळेल या आशेवर राहू नका, त्यात फारसा फरक पडत नाही.

मग इजा तरी टळते का? फुटबॉलसारख्या खेळांत ठरावीक वॉर्म-अपनं दुखापती कमी होतात, याला चांगले पुरावे आहेत. वजनाच्या व्यायामाबाबत तितके भक्कम नाहीत, जिमच्या भिंतीवरचा फलक काहीही म्हणो. कामगिरीचं मात्र पक्कं आहे: 2010 मध्ये 32 अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा तपासलेल्या निकषांपैकी 79 टक्क्यांत वॉर्म-अपनं सुधारणा दिसली.

एक गोष्ट आपल्या गप्पिष्ट जिमसाठी. कमावलेली ऊब टिकत नाही. डेन्मार्कमध्ये फुटबॉलपटूंच्या मांडीत सुई घालून मोजलं, तेव्हा मध्यंतराच्या 15 मिनिटांच्या बसण्यानं स्नायूचं तापमान दीड-दोन अंशांनी उतरलेलं निघालं आणि खेळाडूंची धावही मंदावली होती. त्यामुळं वॉर्म-अप करून रॅक मोकळा व्हायची वाट बघत, काल आनंदवाडीच्या मैदानात कोण चीतपट झाला यावर वीस मिनिटं बोलत बसलात, तर पुन्हा 40 किलोपासून सुरू करा. जर्किनही पहिला जड सेट होईस्तोवर अंगावर राहू द्या.

चढत्या सेटचा आणखी एक उपयोग मला गेल्या पावसाळ्यात कळला. आठवडाभर झड लागली होती, झोप धड नव्हती, आणि 60 किलोला खाली जाताना उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला बारीक कळ आली. 60 तर माझ्यासाठी खुर्च्या उतरवण्यापैकी. प्लेटा काढल्या, आणखी एक हलका सेट मारून बघितला, कळ तिथंच. रॅकवर बार ठेवला, प्लेटा जागेवर लावल्या आणि छत्री उघडून घरी आलो.