समाजशास्त्रात पीएच.डी. : पात्रता, मार्गदर्शक आणि कागदपत्रे

भारतातील विद्यापीठांत समाजशास्त्राच्या पीएच.डी.साठी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०२२ ची नियमावली लागू आहे. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के, किंवा चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्के गुणांनी उत्तीर्ण झालेल्यांना अर्ज करता येतो. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमीलेअर इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील उमेदवारांना पाच टक्क्यांची सवलत आहे.

२०२४-२५ पासून नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही ग्राह्य धरले जातात. नेटमधून जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळालेल्यांची निवड मुलाखतीतून होते, तर नेटच्या इतर दोन गटांत (सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेश, किंवा फक्त पीएच.डी. प्रवेश यांसाठी पात्र ठरलेले) नेटच्या गुणांना ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असतो. या दोन गटांतील गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. काही विद्यापीठे स्वतःची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) घेतात, त्यामुळे संबंधित विद्यापीठाची त्या वर्षीची जाहिरात आधी वाचावी.

परीक्षेच्या तयारीत मार्गदर्शकाचा प्रश्न मागे पडतो आणि पुष्कळांचे वर्ष तिथेच वाया जाते, याचे मला फार वाईट वाटते. प्राध्यापकांना एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकांना सहा आणि सहायक प्राध्यापकांना चारच संशोधक घेता येतात. आपल्या विषयाच्या मार्गदर्शकाकडे जागा रिकामी नसेल, तर चांगले गुणही उपयोगी पडत नाहीत; म्हणून अर्जापूर्वीच संशोधन केंद्रांवरील रिक्त जागांची यादी पाहावी.

मुलाखतीत संशोधन आराखडा तपासला जातो. ‘ऊसतोड कामगारांचे स्थलांतर’ हा झाला विषय; ‘हंगामात गावी मागे राहिलेल्या मुलांची शाळा कोण सांभाळते, आणि त्यात जात व नातेसंबंध कसे काम करतात’ हा संशोधनाचा प्रश्न. क्षेत्रकार्य कुठे, किती काळ आणि कोणत्या पद्धतीने करणार, हेही त्यात स्पष्ट असावे.

सर्व गुणपत्रके, पदवी प्रमाणपत्र, नेट किंवा पेटचा निकाल आणि लागू असल्यास जातीचे, नॉन-क्रीमीलेअर वा दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र तयार ठेवावे. दुसऱ्या विद्यापीठातून येणाऱ्यांना सहसा मायग्रेशन प्रमाणपत्र, तर नोकरदारांना ना हरकत प्रमाणपत्र लागते. विवाहानंतर नाव बदललेल्या उमेदवारांनी त्याचा पुरावा आधीच काढून घ्यावा.

प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचे कोर्सवर्क (संशोधनाच्या तयारीचा अभ्यासक्रम) ५५ टक्के गुणांनी पूर्ण करावे लागते. कोर्सवर्क धरून पीएच.डी.साठी किमान तीन आणि सामान्यतः कमाल सहा वर्षे मिळतात. पुनर्नोंदणी केल्यास आणखी दोन वर्षे, आणि महिला व ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर आणखी दोन वर्षे दिली जाऊ शकतात.