सूक्ष्मशैवल काढणी

इंधन किंवा आहारासाठी वाढवलेली सूक्ष्मशैवले पाण्यातून वेगळी करण्याची प्रक्रिया. उघड्या तळ्यात लिटरमागे सुमारे अर्धा ते एक ग्रॅम कोरडे शैवल भरते. किलोभर माल हाती यायला हजार ते दोन हजार लिटर पाणी हाताळावे लागते. पेशी काही मायक्रोमीटरच्या, घनतेने पाण्याच्या जवळपास आणि ऋणभारित असल्याने एकमेकींना ढकलतात व सहजी तळाशी बसत नाहीत.

काढणीवर उत्पादनखर्चाचा २० ते ३० टक्के वाटा जातो, हे विधान वारंवार उद्धृत होते. त्याचे मूळ गुडाँ व तेर्पेनिए यांच्या १९८६ मधील लेखात मानतात. पातळ पाणी थेट केंद्रोत्सारक यंत्रात (वेगाने फिरवून घन भाग वेगळा करणाऱ्या) घातल्यास हा आकडा पटतो. आधी निवळवून दाट केलेल्या शैवलाला तो लावणे युक्त नाही. अलीकडचे हिशेबही बरेच खाली येतात.

स्वस्त मार्ग म्हणजे गुठळ्या बांधून निवळवणे. तुरटीने हे साधते, पण ॲल्युमिनियम मालात उतरते; आहारासाठी ते चालत नाही. कोळंबीच्या कवचांपासून मिळणारे कायटोसान गोड्या पाण्यात उत्तम, खाऱ्यात दुबळे. म्हणून ठाणे खाडीसारख्या खाऱ्या पाण्यात चुन्याने सामू १० च्या वर नेणे अधिक सयुक्तिक वाटते: पाण्यातलेच मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होऊन साका धरते व पेशींना खाली ओढते. मालात राख (न जळणारा खनिज अंश) मात्र वाढते. पावसाळ्यात खाडीचा खारेपणा उतरतो, तेव्हा चुन्याचे प्रमाण नव्याने ठरवावे लागते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांचे सांडपाणी पाहता खाडीच्या पाण्यावरचे शैवल इंधनापुरतेच ठेवावे. खाण्यासाठी मुळीच वापरू नये.

स्पिरुलिना (काटेकोरपणे नीलहरित जीवाणू) लांब मळसूत्री धाग्यांची असल्याने कापडातूनही गाळता येते. मेक्सिकोच्या टेस्कोको सरोवरातून ती जाळ्यांनी काढून वड्या करत, असे १६व्या शतकातील स्पॅनिश वृत्तांत सांगतात. प्रथा त्याहून जुनी असावी. ऐरोलीपासून खाडीभर उतरणारा लहान रोहित पक्षी चोचीतल्या बारीक पट्ट्यांनी याच तत्त्वावर सूक्ष्मशैवले गाळून खातो.

वाळवणीला ऊन पुरते, पण ठाण्यात जून ते सप्टेंबर ते भरवशाचे नाही. इंधनासाठी ओल्या लगद्यावरच उच्च दाबाखाली सुमारे ३०० अंश सेल्सिअसला प्रक्रिया करून तेल काढता येते.