इस्रोचा ‘युविका’ : नववीतल्या मुलांनी अर्ज कसा भरायचा?

नाशिकला त्र्यंबक रोडवरच्या यशवंतराव चव्हाण तारांगणातून शाळेची सहल बाहेर पडली की एखादं मूल हळूच जवळ येऊन विचारतंच, “सर, इस्रोत कसं जायचं?” मूल नववीत असेल तर मी त्याला ‘युविका’चं नाव सांगतो. युविका म्हणजे युवा विज्ञानी कार्यक्रम. इस्रोनं तो २०१९ मध्ये सुरू केला. निवड झालेली मुलं मे महिन्यात साधारण दोन आठवडे इस्रोच्या एखाद्या केंद्रात राहतात, शास्त्रज्ञांकडून शिकतात, छोटं रॉकेट बनवतात आणि रात्री आकाशदर्शन करतात. दहावीचे जादा तास बुडतील म्हणून पालक कचरतात, पण एवढ्यासाठी ही संधी सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

पात्रतेची अट सोपी आहे. त्या वर्षीच्या १ जानेवारीला मूल भारतातल्या शाळेत नववीत शिकत असलं पाहिजे. निवड मात्र गुणांकनानं होते आणि ते नीट समजून घ्या. आठवीच्या गुणांना ५० टक्के आणि ऑनलाइन प्रश्नमंजूषेला १० टक्के भार असतो. विज्ञान प्रदर्शनातल्या सहभागाला पातळीनुसार २ ते १० टक्के मिळतात. इथे नुसता सहभाग पुरतो, नंबर यावा लागत नाही. ऑलिम्पियाड किंवा विज्ञान स्पर्धा आणि क्रीडा स्पर्धा यांत मात्र पहिल्या तिनांत असावं लागतं, प्रत्येकी जास्तीत जास्त ५ टक्के. स्काउट-गाइड, एनसीसी किंवा एनएसएसचे ५. हे सगळं गेल्या तीन वर्षांतलं हवं.

आणि पंचायत हद्दीतल्या ग्रामीण शाळेत शिकणाऱ्याला १५ टक्के! पेठ, सुरगाणा, कळवणच्या खेड्यांतल्या शाळांनी ही ओळ फळ्यावर लिहून ठेवावी. “आमच्या मुलांचं कुठं होणार” म्हणत अर्जच न भरणारी शाळा हे १५ टक्के हातचे घालवते.

अर्ज साधारण फेब्रुवारीअखेर सुरू होतात. २०२४ मध्ये २० फेब्रुवारी ते २० मार्च आणि २०२५ मध्ये २४ फेब्रुवारी ते २३ मार्च अशी मुदत होती. इस्रोच्या ‘अंतरिक्ष जिज्ञासा’ संकेतस्थळावर नोंदणी करायची, ई-मेलवर आलेल्या दुव्यावरून ती पक्की करायची आणि मग प्रश्नमंजूषा सोडवायची. ती सोडवल्यावर किमान ६० मिनिटं थांबून वैयक्तिक आणि शैक्षणिक माहिती भरायची. सायबर कॅफेत ताटकळत बसलेली मुलं इथेच कंटाळून उठतात, म्हणून वेळ हाताशी ठेवून जा. शेवटी भरलेल्या अर्जाची छापील प्रत काढून तिच्यावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का घ्यायचा आणि ती स्कॅन करून इतर कागदपत्रांसोबत चढवायची.

कागदपत्रं म्हणजे आठवीचं गुणपत्रक आणि ज्या ज्या गोष्टीचे गुण मागताय तिचं प्रमाणपत्र. प्रगतिपत्रकावर नुसती श्रेणी असेल तर गुण लिहून शाळेकडून ते साक्षांकित करून घ्या. आमची एक विद्यार्थिनी जिल्हा विज्ञान प्रदर्शनात पाण्याच्या गाळणीचा प्रकल्प घेऊन गेली होती. प्रमाणपत्र आईनं पिशवीत घडी घालून जपलं होतं, पण त्यावर मुलीच्या नावाऐवजी फक्त शाळेचं नाव होतं. शेवटच्या आठवड्यात धावपळ करूनही दुरुस्ती झाली नाही आणि ते गुण मागताच आले नाहीत. प्रदर्शन संपतं त्याच दिवशी मांडवात उभं राहून प्रमाणपत्रावरचं नाव वाचा, ते गुणपत्रकाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का बघा. पुढे मूळ कागद पडताळले जातात, त्यामुळे नसलेल्या गोष्टीचे गुण चुकूनही मागू नका.

ई-मेल पालकांचाच द्या, कॅफेवाल्याचा नको. निवडीचा निरोप त्याच पत्त्यावर येतो आणि केंद्रावर हजर होण्याची तारीखही त्यातूनच कळते. राहणं, जेवण आणि अभ्याससाहित्य इस्रो देते. विद्यार्थ्याचं रेल्वेच्या द्वितीय श्रेणी एसीपर्यंतचं जाण्यायेण्याचं भाडं आणि सोडायला-आणायला येणाऱ्या एका पालकाचं भाडंही मिळतं. त्यासाठी प्रवासाची मूळ तिकिटं जपून ठेवा.