एक किलोची वाटणी: स्पर्धेच्या पिस्तुलातील ट्रिगर-सुधारणांची पार्श्वभूमी

ट्रिगरची पाती (बोट टेकतं तो भाग), स्प्रिंग किंवा सिअर (ट्रिगर दाबेपर्यंत हातोडी अडवून धरणारा खटका) बदलायचा विषय निघाला की नवा नेमबाज हमखास विचारतो, "किती हलका होईल?" ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांपुरता हा प्रश्न आता निकालात निघाला आहे. 10 मीटर एअर पिस्तुलाला किमान 500 ग्रॅम, 25 मीटरच्या पिस्तुलाला किमान 1000 ग्रॅम. त्याखाली जायचं नाही. वर कितीही ठेवा, कुणी अडवत नाही. तरीही ट्रिगरच्या सुट्या भागांवर नेमबाज पैसे घालतात आणि त्यावर तासन्‌तास बोलतात. असं का, हे समजायला नियम कसे बदलत गेले ते पाहावं लागतं.

केसाच्या स्पर्शाने सुटणारा 'हेअर ट्रिगर' द्वंद्वयुद्धाच्या पिस्तुलांतही होता. त्याच परंपरेतला सेट ट्रिगर, म्हणजे आधी ताणून ठेवलेला आणि मग नुसत्या स्पर्शाने सुटणारा, पुढे 50 मीटर फ्री पिस्तुलात आला. फ्री पिस्तूल हा प्रकार 1896 च्या अथेन्स ऑलिंपिकपासूनचा, तेव्हा 30 मीटरवरचा. एका वेळी एकच गोळी, हाताभोवती हातमोज्यासारखी बसणारी लाकडी ग्रिप, आणि ट्रिगरच्या वजनावर कसलंही बंधन नाही. काही ग्रॅमवर सुटणारे ट्रिगर इथे सर्रास असत. बोट ट्रिगरवर टेकवणं हाच निर्णय. दाबायचं असं काही उरतच नसे. या पिस्तुलांवर हात बसलेल्यांना दुसरं कुठलंही पिस्तूल गाढवासारखं अडेलतट्टू वाटतं आणि त्यात त्यांची चूक नाही.

25 मीटर रॅपिड फायरची गोष्ट जास्त वादाची आहे. पाच निशाणं, पाच गोळ्या, आधी 8, मग 6, शेवटी 4 सेकंदांत. 2004 पर्यंत या प्रकारात पॉइंट टू-टू शॉर्ट ही छोटी, कमी धक्क्याची गोळी चालायची आणि ट्रिगर हवा तितका हलका ठेवता यायचा. त्यामुळे रचनाकारांनी या एका प्रकारासाठी वेगळी जातच घडवली. 1956 च्या मेलबर्नमध्ये सोव्हिएत नेमबाजांनी नळी हाताच्या पातळीवर आणणारं जवळजवळ उलटं पिस्तूल आणलं होतं. ते पुढे नियम बदलून बंद करावं लागलं. तरी शर्यत थांबली नाही. गुण 600 पैकी 600 च्या अगदी जवळ गेले. सगळेच दहात मारायला लागले तर स्पर्धा कशात करायची, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता.

2005 पासून आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेने रॅपिड फायरला स्टँडर्ड पिस्तुलाच्या चौकटीत आणलं. गोळी पॉइंट टू-टू लाँग रायफल, पिस्तुलाचं वजन 1400 ग्रॅमपर्यंत, 300 बाय 150 बाय 50 मिलिमीटरच्या पेटीत ते मावलं पाहिजे, आणि ट्रिगर किमान 1000 ग्रॅम. बाकी अटींवर कुरबुर झाली, पण खरी जखम झाली ती ट्रिगरच्या अटीने. शंभर-दीडशे ग्रॅमच्या सवयीची बोटं एका रात्रीत एक किलोवर कशी येणार? बाजूने सांगितलं गेलं ते असं: एकाच पिस्तुलावर रॅपिड फायर, स्टँडर्ड आणि महिलांचं स्पोर्ट पिस्तूल खेळता येईल, खर्च कमी होईल, गरीब देशांना दार उघडेल. विरोधकांचं म्हणणं, नेमबाजीतला सगळ्यात कौशल्याचा प्रकार तुम्ही सामान्य करून टाकलात, आणि घराघरांतली महागडी शॉर्ट-गोळीची पिस्तुलं शोभेची झाली.

आपल्याकडून पाहिलं तर पहिल्या बाजूचं पारडं जड आहे, हे मान्य करायला हरकत नाही. परदेशी पिस्तूल, परवाना, आयात, गोळ्यांचा कोटा हे सगळं एकदाच करावं लागणं आणि तीनदा करावं लागणं यात मोठा फरक पडतो. 2012 च्या लंडनमध्ये भारताला रॅपिड फायरमध्ये रौप्य मिळालं ते याच एक किलोच्या नियमाखाली. 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये कोल्हापूरच्या नेमबाजाने 25 मीटरमध्ये सुवर्ण जिंकलं, नेमबाजीत एशियाड सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला, तेही एक किलोच्याच ट्रिगरवर. महिलांचा हा प्रकार 1984 पासून ऑलिंपिकमध्ये आहे. सेंटर फायर या मोठ्या गोळीच्या पिस्तूल प्रकाराला तर पूर्वी 1360 ग्रॅमचा नियम होता. तोही पुढे 1000 वर आला. म्हणजे वरचे खाली आणि खालचे वर, सगळे एकाच आकड्यावर.

आता हा एक किलो म्हणजे नेमकं काय, इथे गुंता आहे. तपासणीच्या टेबलावर पिस्तूल कॉक केलेलं, म्हणजे झाडायला तयार असतं, नळी सरळ वर. ट्रिगरच्या मध्याजवळ वजनाचा आकडा अडकवतात आणि आडव्या पृष्ठभागावर टेकलेलं ते वजन पिस्तुलासह वर उचलतात. एअर पिस्तूल असेल तर हवेचा दाब चालू ठेवून. वजन उचललं गेलं आणि ट्रिगर सुटला नाही, तर पिस्तूल पास. प्रयत्न जास्तीत जास्त तीन. हात हलला, झटका बसला, की ट्रिगर सुटतो आणि नेमबाजाच्या तोंडचं पाणी पळतं. ही तपासणी स्पर्धेआधी होतेच, पण मालिका संपल्यावर रेंजवरूनही कुणालाही बोलावतात. तिथे वजन उचललं गेलं नाही तर थेट बाद. म्हणून जाणते नेमबाज 1000 वर ठेवत नाहीत, थोडं वर ठेवतात. स्प्रिंग सैल पडते, सिअरवर धूळ बसते, स्क्रू किंचित फिरतो. त्या पंधरा-वीस ग्रॅमांच्या कंजुषीपायी पदक घालवण्यात काही अर्थ नाही.

नियम एकूण वजन बघतो, ते कसं विभागलं आहे हे बघत नाही. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये पहिला टप्पा म्हणजे बोट मागे येतं तो प्रवास, मग एक भिंत लागते, आणि भिंतीपलीकडे थोडा दाब दिला की गोळी. पहिल्या टप्प्यात 700 ग्रॅम खर्च केले तर भिंतीला 300 च उरतात. टेबलावर ट्रिगर एक किलोचा, बोटाला मात्र शेवटचे 300 ग्रॅमच जाणवतात. रॅपिड फायरवाल्यांनी यावरून हात उचलण्याची पद्धतच बदलली. हात 45 अंशांखालून वर येत असतानाच पहिला टप्पा घेऊन टाकायचा, आणि निशाण दिसेपर्यंत बोट भिंतीला टेकलेलं. पहिल्या गोळीचा वेळ तिथेच वाचतो. अचूकतेच्या मालिकेत काही जण याउलट भिंतच काढून टाकतात आणि एकसंध सरकणारा 'रोल' ठेवतात. कधी सुटेल ते बोटाला कळत नाही, म्हणून झटकाही बसत नाही.

सुट्या भागांचा धंदा या वाटणीवर उभा राहिला. भिंत कुरकुरीत लागावी म्हणून सिअर घासून गुळगुळीत केलेली, दोन टप्प्यांच्या वेगळ्या स्प्रिंगा, गोळी सुटल्यावर बोट आणखी मागे धावू नये म्हणून ओव्हरट्रॅव्हलचा स्क्रू, आणि पुढेमागे, तिरकी करता येणारी पाती. नुसतं ऐकलं तर पाती ही सगळ्यात फुटकळ गोष्ट वाटते. पण वरळी किंवा बालेवाडीच्या रेंजवर दहा मिनिटं उभं राहून बघा: ग्रिप धरल्यावर ज्यांचं बोट ट्रिगरवर तिरकं पडतं, त्यांच्या गोळ्या एका बाजूला जातात, आणि दोष मात्र साइटला, म्हणजे नेम धरायच्या खुणेला दिला जातो.

इलेक्ट्रॉनिक ट्रिगर हा त्यापुढचा टप्पा. यात बोट एक स्विच दाबतं, बाकीचं काम बॅटरी आणि सोलेनॉइड (विजेने हलणारा चुंबकी खटका) करतात. घासणारी सिअर नाही, त्यामुळे दाब दर वेळी सारखा. नियमाने त्याला परवानगी आहे, अट इतकीच की सगळे भाग पिस्तुलाच्या चौकटीतच हवेत आणि ट्रिगर हातानेच दाबला गेला पाहिजे. सरावालाही सोपा, कारण पेलेट (छर्रा) न घालता कोरडे शॉट मारता येतात. त्याची दुसरी बाजू 25 जुलै 2021 ला टोकियोत दिसली. महिलांच्या 10 मीटर पात्रता फेरीत भारताच्या नेमबाजाचं पिस्तूल मध्येच बंद पडलं. 60 गोळ्यांना 75 मिनिटं, त्यातली बरीच दुरुस्तीत गेली. उरलेल्या वेळात तिने 575 गुण केले, बाराव्या क्रमांकावर राहिली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. यावर 'साधा ट्रिगर असता तर' अशी चर्चा आपल्याकडे फार झाली. ती उथळ होती. यांत्रिक सिअरही तुटते, आणि तीच नेमबाज पुढे 2024 च्या पॅरिसमध्ये याच प्रकारात कांस्य घेऊन आली.

फ्री पिस्तूल मात्र त्याआधीच गेलं होतं. रिओ 2016 नंतर स्त्री-पुरुष समान पदकांसाठी पुरुषांचे तीन प्रकार वगळले गेले, त्यात हेही. त्याआधी दोनच वर्षं, 2014 च्या इंचॉन एशियाडमध्ये, भारतीय लष्करातल्या नेमबाजाने यातच सुवर्ण मिळवलं होतं. समानतेला कुणाचाच विरोध नव्हता, पण ऑलिंपिकमधला ट्रिगरवर बंधन नसलेला शेवटचा पिस्तूल प्रकार त्या हिशेबात निघून गेला, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

भारतात या सुधारणांचा मार्ग कायद्यानेही आखला आहे. 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 4.5 मिलिमीटरपर्यंतच्या आणि 20 जूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, म्हणून पाती-स्प्रिंग बदलण्याचे प्रयोग आपल्याकडे बहुतेक याच पिस्तुलांवर होतात. पॉइंट टू-टूचं पिस्तूल परवान्याचं, त्याची दुरुस्तीही परवानाधारक गनस्मिथकडेच. स्वतःच्या टेबलावर सिअर घासायला बसलेला नेमबाज तिथे दोन नियम मोडतो: एक ट्रिगरच्या वजनाचा, नशीब फिरलं तर; दुसरा शस्त्र कायद्याचा, नक्कीच.